गिरणीवाल्याचे कान

मी गिरणीचा दगड. आवाज जरा खरखरीत वाटेल, पण एकोणतीस वर्षं रोज दळण दळलं की कुणाचाही तसा होतो, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या. बोलायची मला सवय नाही. माझं काम आता संपत आलंय, आणि एक गोष्ट मनात डाचते आहे, म्हणून बोलतोय. सांगणार आहे ते माझ्याबद्दल कमी आणि माझ्या मालकाबद्दल जास्त.

माझा जन्म खाणीतला. जन्म म्हणजे सुरुंग. मोठा धडाका झाला, डोंगराचा एक कोपरा खाली आला आणि त्यात मी होतो. एका पाथरवटाने मला गोल केलं, मधोमध भोक पाडलं आणि तोंडावर टाकीने रेषा कोरल्या, भोकापासून थेट कडेपर्यंत. या रेषा म्हणजे दगडाचे दात. त्या झिजल्या की दगड दळत नाही, नुसता चोळतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी गिरणीवाल्याने दगड उतरवून, मांडी घालून बसून, छिन्नी-हातोडीने पुन्हा टाकी लावायची असते. कंबरेचा काटा ढिला करणारं काम आहे ते, पण ते चुकवणाऱ्याच्या पिठाला चव नसते.

मला न्यायला आला तो पंचविशीचा तरुण. बाकीची गिऱ्हाइकं दगड बघायची, जाडी-रुंदी मोजायची. याने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवलं आणि कान लावून ऐकलं. एकदा नाही, चारदा, चार बाजूंनी. पाथरवट वैतागून म्हणाला, "काय हो, दगडाला विचारताय का, येतोस का म्हणून?"

"विचारलं," तो म्हणाला. "हो म्हणाला."

त्या दिवसापासून तो माझा मालक झाला. लोक त्याला नुसतं गिरणीवाला म्हणायचे, आणि पुढे पुढे त्याचं नाव विचारलं असतं तर अर्ध्या पंचक्रोशीला सांगता आलं नसतं.

तीन वाड्यांच्या वाटा जिथे मिळतात तिथे त्याने पत्र्याची शेड ठोकली होती. त्याआधी तिथल्या बायका दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दोन तास चालत बाजारगावी जायच्या. गिरणी घालायची म्हणून याने बापाची बैलजोडी विकली, आणि बाप सहा महिने त्याच्याशी धड बोलला नाही. अशा शेडमध्ये मला बसवलं. गिरणीत दगड दोन असतात. एक जागचा हलत नाही, दुसरा पट्ट्यावर गरगर फिरतो. फिरणारा मी. समोरचा नुसता बसून असतो आणि नाव मात्र दोघांचं होतं. पुष्कळ संसार असेच चालतात असं मी डबेवाल्या बायकांच्या बोलण्यातून ऐकलं आहे.

आमच्या दोघांमध्ये किती फट ठेवायची, ते एका हातचाकावर ठरतं. चाक आवळलं की दगड जवळ येतात, पीठ बारीक होतं. जास्त आवळलं की दगडाला दगड घासतो, पीठ भाजतं आणि पिठात दगडाची कच उतरते. ही फट डोळ्यांना दिसत नाही. माझा मालक ती कानाने ठेवायचा. डोकं माझ्याजवळ आणायचा, डोळे मिटायचा, चाक केसभर फिरवायचा. गव्हाला माझा सूर वेगळा, मक्याला वेगळा, ओलसर धान्याला आणखी वेगळा. वरचं धान्य संपत आलं की मूठभर दाणे शिल्लक असतानाच त्याला कळायचं. कोपऱ्यात पाठ करून पोतं शिवत बसलेला असला तरी उठून यायचा. खोटं नाही सांगत, दळताना माझ्यात खडा आला तर मला लागण्याआधी त्याला लागायचा.

आणि राबायचा किती! उजाडता उजाडता मोटर सुरू. सकाळी काळ्या केसांचा आत जायचा आणि दुपारी पांढऱ्या केसांचा जेवायला बाहेर पडायचा. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिठाने भरलेलं. पुढे केस खरेच पांढरे झाले तेव्हा घरात दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवायचा उभ्या उभ्या. आजारी पडला तर शेजारी गिरणी बघायचे, आणि हा पडल्या पडल्या भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकायचा आणि बायकोला सांगायचा की जा, त्यांना सांग चाक थोडं ढिलं करा. धाकट्या भावाचं शिक्षण याने केलं, त्याला शहरात चिकटवून दिलं. मागे तीन खोल्या बांधल्या. मग मक्याची कणसं सोलायचं यंत्र आणलं, जनावरांच्या खाद्याची भरड सुरू केली. लोक म्हणायचे, गिरणीवाला मोठा शेठ झाला. शेठचा सदरा मात्र कॉलरला उलटवून शिवलेला असायचा.

थोरली मुलगी झाली तेव्हा घरात करायला दुसरं कुणी नव्हतं. मग बायको घरकामात असेल तेव्हा पाळणा गिरणीत यायचा. रिकाम्या पोत्यांवर गोधडी, गोधडीवर ती. माझ्या घरघरीत पोर गाढ झोपायची आणि वीज गेली, मी थांबलो, की दचकून उठून भोकाड पसरायची. मालक तिला खांद्यावर घेऊन शेडमध्ये फेऱ्या मारायचा आणि वीज यायची वाट बघायचा. पुढे मुलगा झाला. त्याला माझा आवाज सहन व्हायचा नाही. तो मोठा होताच काकाकडे शहरात गेला आणि तिकडचाच झाला. मालकाने एका शब्दाने त्याला अडवलं नाही.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. गिरणीत कुणी कुणाशी तोंडाने बोलत नाही. मी चालू असताना बोलून उपयोगच नसतो. बाई डबा ठेवते, दोन बोटं चोळून दाखवते, म्हणजे बारीक दळ. तळहात हलवते, म्हणजे जाडसर. जेवायला बोलवायचं असेल तर मालकीण घरातून गिरणीच्या दिव्याचं बटण दोनदा दाबायची. दिवा दोनदा मिणमिणला की हा समजायचा, ताट वाढलंय. कुणी आलं असेल तर तीनदा. सगळा संसार त्यांनी असा खुणांवर केला. त्यामुळे मालकाचे कान जायला लागले हे कुणाला कळलंच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नाही.

एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सुरू झालं असावं. एक दिवस गव्हाचं दळण चालू होतं, फट अगदी बरोबर होती, मी माझ्या नेहमीच्या सुरात होतो. मालकाने डोकं जवळ आणलं, डोळे मिटले, आणि चाक थोडं आवळलं. मला वाटलं, गहू जाड असतील. दुसऱ्या आठवड्यात आणखी थोडं. मग माझ्या ध्यानात आलं. त्याला जो जुना सूर आठवत होता, तो ऐकू येईपर्यंत तो चाक आवळत होता. सूर होताच, त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. त्याला पोचेल एवढा आवाज मी करायचा तर दगडाला दगड घासायला हवा होता. तो घासला की याचा चेहरा खुलायचा. हां, आता कसा नीट चालला, अशी मान हलवायचा. आणि मी अक्षरशः ओरडत होतो.

वर्षभरात माझी झीज दुप्पट झाली. पीठ हाताला गरम लागायला लागलं. मग एकेक तक्रार यायला लागली. कुणाचं पीठ करपट लागतंय, कुणाच्या घासात कच येतेय. मालक बिचारा जिवाचं रान करायचा. पंधरा दिवसांची टाकी आठ दिवसांवर आणली. गुडघे दुखत असताना खाली बसून माझे दात घासायचा, पुसायचा, बसवायचा, आणि नंतर स्वतःच्याच हाताने चाक आवळून ते दात मोडायचा. डबे कमी होत चालले होते. लोक पुन्हा बाजारगावी जायला लागले. तिथे आता नवी गिरणी झाली होती आणि जायला गाडीही होती. एवढ्या वर्षांत उभं केलेलं नाव डोळ्यांदेखत चाललं होतं आणि का चाललंय हेच त्याला कळत नव्हतं.

अशात एक दिवस शिवणकामवाल्या मावशी आल्या. गिरणी घातली तेव्हा पहिला डबा त्यांचा होता. सत्तरीच्या बाई, पण गहू निवडायच्या ते एकेक दाणा उजेडात धरून. त्यांनी शांतपणे सांगितलं की पिठात कच येते, नातवाने घास थुंकला. मोटर नुकतीच बंद झाली होती, आठ-दहा जण डबे घेऊन उभे होते. मालक आधीच तक्रारींनी पिसाळलेला. त्याने मावशींच्या डब्यात हात घातला, गहू वर काढले, सगळ्यांसमोर ओंजळ धरली.

"दगडात काही नाही, मावशी. गहू निवडत चला जरा. दिसत नसेल आता, तर सुनेला सांगत जा."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं.

"माझे डोळे अजून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवतात," त्या म्हणाल्या. "तुझं काय चुकतंय ते तू बघ."

हे दुसरं वाक्य त्याला ऐकू गेलं नाही, मी सांगतो. त्याने हात झाडले आणि पुढचा डबा घेतला. मावशी न दळलेला डबा घेऊन गेल्या. त्यांच्यामागून आणखी चार डबे गेले. मला त्याचा रागच आला, आणि कीवही आली.

त्याच महिन्यात थोरली चार दिवस माहेरी राहायला आली. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, नवरा बसचा ड्रायव्हर, दोघं दूर राहायचे. ती आली संध्याकाळी. सकाळी मालकाने मोटर सुरू केली, गहू टाकले, नेहमीप्रमाणे चाक आवळलं, आणि पाचच मिनिटांत ही केस मोकळे सोडून, अनवाणी, घरातून धावत आली. तिला वाटलं होतं काहीतरी मोडलंय. बापाने हसून हात केला, ये, बस. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पिठाच्या तोंडाशी हात धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग काही न विचारता हातचाक धरलं आणि उलटं फिरवलं. एक फेरा, मग अर्धा, मग केसभर, डोकं माझ्याजवळ आणून, डोळे मिटून. कुणी शिकवलं होतं तिला? पाळण्यात ऐकलेलं असणार.

कितीतरी महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला. अगदी बरोबर फट, अगदी माझा सूर.

मालक पोतं बांधत होता. तो वळला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बंद का केलीस?" त्याने विचारलं.

थोरलीला आधी समजलंच नाही. मग तिने पट्ट्याकडे बोट केलं. पट्टा फिरत होता. खाली पीठ पडत होतं, पांढरं, भुरभुर. मालक पट्ट्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग मुलीच्या तोंडाकडे. ती काहीतरी बोलत होती आणि तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. त्याने पुढे येऊन माझ्या पत्र्याच्या आवरणावर तळहात ठेवला. मी फिरतोय हे हाताला कळलं. कानाला नाही. तो तसाच खाली बसला, पोत्यावर.

थोरलीने गहू संपू दिले आणि मोटर बंद केली. मालकीण दारात येऊन उभी राहिली होती. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटायचं हे माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. सगळ्यांचेच नवरे करतात, म्हणून मी काही बोलले नाही." आणि मग रडली.

मालकाच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. कान गेले ते गेले. त्याने मावशींना चारचौघांत खोटं पाडलं होतं. तोंडाने तो सारखं तेवढंच म्हणत होता, की गहू स्वच्छ होते. मुलगी त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन येऊ. तो म्हणाला, घरी नाही, बोललो इथे, सगळ्यांसमोर. मग निरोप पाठवला. मावशी येतील की नाही याची खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी आल्या, गर्दीच्या वेळी, डबा न घेता.

मालकाने मोटर बंद करायला लावली. बहिरी माणसं बोलतात तसा तो फार मोठ्याने बोलला, रस्त्यावरचे लोकही थांबले.

"मावशी, तुमच्या गव्हात काही नव्हतं. दगड माझा घासत होता. मला ऐकू येत नाही. गेली दोन वर्षं तुम्ही सगळे जे खाल्लंत, त्यात कच माझ्यामुळे होती."

शेडमध्ये एकदम शांत झालं. ती शांतता त्याला कळली नसणार; तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, कोण काय म्हणतंय ते. मावशी पुढे आल्या आणि हातवारे करून विचारलं, मग आता दळणार कोण? त्याने थोरलीकडे बोट केलं. तिला त्याने विचारलेलं नव्हतं. तरी तिने मान डोलावली. मावशी परत फिरल्या. मालकाचा चेहरा उतरला. अर्ध्या तासाने त्या पुन्हा आल्या, डबा घेऊन, आणि तो रांगेच्या शेवटी ठेवून दोन बोटं चोळून दाखवली. बारीक दळ.

चार दिवसांसाठी आलेली थोरली राहिली ती राहिलीच. जावयाने बदली मागून घेतली. आधी जरा कुरकुरला, पण भला माणूस. गिरणी पुन्हा नीट चालायला लागली. गेलेले डबे सगळे नाही आले, पण बरेच आले. मालक दाराशी स्टुलावर बसायचा. पडणारं पीठ अंगठ्यावर चोळून बघायचा, बरोबर असेल तर मान हलवायचा. चाकाला त्याने पुन्हा हात लावला नाही. सहा वर्षं तो असा बसला, आणि त्यातली पाच मला वाटतं तो सुखात होता. शेवटच्या वर्षी छाती भरून यायची, खोकला थांबायचा नाही. शहरातल्या दवाखान्यात नेलं तिथून परत आला नाही. गिरणी तीन दिवस बंद होती. चौथ्या दिवशी थोरलीने शेड उघडली तेव्हा कितीतरी डबे दाराबाहेर ठेवलेले होते. तीन दिवस लोकांनी दुसरीकडे दळलं नव्हतं.

आता मनात डाचतंय ते सांगतो. कान गेल्याचं कळल्यावर त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. परत आल्यावर थोरली आईला सांगत होती आणि मी ऐकत होतो. वयाने नाही गेले, डॉक्टर म्हणाले. आवाजाने गेले. इतकी वर्षं रोज दहा-बारा तास एवढ्या आवाजाजवळ डोकं ठेवलं तर जाणारच. कुठला आवाज, ते तिने सांगितलं नाही. आईची नजर माझ्याकडे गेली आणि तिने ती लगेच वळवली.

माझा आवाज. मला नीट चालवायला म्हणून तो माझ्याजवळ येत गेला आणि मी त्याचे कान थोडे थोडे दळत गेलो. त्याने मला कधी दोष दिला नाही. दगडाला कोण दोष देणार? पण मी स्वतःला देतो. थकवा आहे तो कामाचा नाही, या गोष्टीचा आहे.

मी आलो तेव्हा वीतभर जाड होतो, आता चार बोटंही उरलेलो नाही. पुढच्या आठवड्यात नवा दगड येणार आहे. थोरलीने जाऊन वाजवून पसंत केलाय. मला त्याचं काही वाटत नाही, विश्रांतीच हवी आहे. वाईट एवढंच वाटतं की ती आजही डोळे मिटते, डोकं माझ्या अगदी जवळ आणते, आणि चाक केसभर फिरवते. थेट बापासारखी. नवा दगड माझ्यापेक्षा जड आहे, त्याचा आवाज मोठा असणार.

मला फक्त घरघरता येतं, आणि ते तिला गाणं वाटतं. तेव्हा माझं एवढं काम करा. दळणाचा डबा घेऊन गेलात, की बारीक की जाड ते सांगून झाल्यावर, मोटर सुरू होण्याआधी तिला तोंडाने सांगा: पोरी, कानात कापूस घाल. अजून तिला ऐकू येतंय.